जुन्या मोटारीवरील रंगाचे शिंतोडे : थिनर नको, सबुरी हवी

ठाणे / प्रतिनिधी

दिवाळीच्या तोंडावर ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गृहसंकुलांत रंगरंगोटीची कामे सुरू होतात. स्प्रे गनने रंग मारताना त्याचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडतात आणि आवारात उभ्या असलेल्या मोटारींवर बसतात. मोटार जुनी, जपलेली असेल, तर हे कण काढण्याच्या घाईतच तिचे अधिक नुकसान होण्याची शक्यता असते.

जुन्या मोटारींशी या परिसराचे नातेही आहे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी तयार झाली. १९९०च्या दशकात याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून इतिहासजमा झाली. त्यामुळे घरोघरी उरलेल्या मोजक्या गाड्यांचा मूळ रंग टिकवणे महत्त्वाचे ठरते. एकदा गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

शिंतोडे दिसताच अनेक जण थिनरचा बोळा हाती घेतात. जुन्या गाड्यांना पुन्हा रंग देताना प्रामुख्याने एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज प्रकारचा रंग वापरला जात असे. तो केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. साहजिकच थिनर लागताच शिंतोड्यांबरोबर खालचा रंगही विरघळतो.

म्हणून सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी. गाडी सावलीत आणून पत्रा थंड होऊ द्यावा आणि शाम्पूच्या पाण्याने धुवावा. इमारतीचा पाण्यात मिसळणारा रंग ताजा असेल, तर तो बहुधा एवढ्यानेच निघतो. नंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटे फिरवावीत. खरखर जाणवल्यास कण चिकटलेले आहेत, असे समजावे.

अशा वेळी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळणारा मऊ क्ले बार उपयोगी पडतो. पत्र्यावर वंगणाचा फवारा किंवा शाम्पूचे पाणी मारून हा गोळा हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा. वर उठून आलेले कण त्यात अडकतात. गोळा मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यावी. तो जमिनीवर पडल्यास मात्र फेकून द्यावा. त्यात रुतलेली वाळू पत्र्यावर ओरखडे पाडते.

एवढ्याने न निघणाऱ्या डागांसाठीच बारीक रबिंग कंपाउंड वापरावे, तेही आधी आडबाजूच्या कोपऱ्यात तपासून. जुन्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर नसतो. त्यामुळे फडक्याला गाडीचा रंग लागतो, म्हणजेच थर झिजत असतो. कडा आणि उंचवट्यांवर तो लवकर उडतो, म्हणून तेथे हात आवरता घ्यावा. शेवटी मेण लावावे.

सोसायटीने रंगकामाची सूचना आधी दिली आणि मालकाने गाडी हलवली किंवा झाकली, तर ही सारी यातायात टळते.