पर शाबूत, शार्क नाहीसा

13 ऑगस्ट 2017 रोजी एक्वादोरच्या यंत्रणांनी गालापागोस बेटांच्या राखीव सागरी क्षेत्रात एक चिनी जहाज अडवलं. नाव फू युआन यू लेंग 999. हे जहाज स्वतः मासेमारी करणारं नव्हतं. भर समुद्रात इतर बोटींकडून माल घ्यायचा, गोठवायचा आणि बंदरापर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. माल ठेवायचे खण उघडले तेव्हा आत सुमारे 300 टन मासळी निघाली आणि तीत सहा हजारांहून अधिक शार्क होते. हातोडीच्या आकाराच्या डोक्याचे हॅमरहेड होते, रेशमी कातडीचे सिल्की शार्क होते, अजून वाढीला न लागलेली पिल्लंही होती. बेटांवरचे लोक रस्त्यावर उतरले. खटला झपाट्याने चालला. कप्तानाला चार वर्षांची, बाकीच्यांना एक ते तीन वर्षांची कैद आणि 59 लाख डॉलरचा दंड झाला. ज्या गालापागोसच्या उत्तर टोकाला जगातली सर्वांत दाट शार्कवस्ती आहे, त्या गालापागोससाठी हा न्याय योग्यच होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मे 2020 मध्ये हाँगकाँगच्या कस्टम्सने दोन कंटेनर पकडले. त्यांत 26 टन सुके पर होते, म्हणजे अंदाजे 38,500 शार्क. हे कंटेनर आले होते त्याच एक्वादोरमधून. परदेशी कप्तानाला तुरुंगात टाकणाऱ्या या देशात 2007 पासून एक हुकूम लागू आहे. त्यानुसार शार्कची मुद्दाम शिकार करायला बंदी आहे, पण दुसऱ्या मासळीबरोबर ‘चुकून’ आलेला शार्क बंदरावर उतरवता येतो, विकता येतो आणि त्याचे पर निर्यातही करता येतात. एवढी फट पुरेशी असते. शार्कच्या रक्षणाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसत गेलं. कायद्याचं सगळं लक्ष परांवर राहिलं आणि मासा मरतच राहिला.

या परात आहे तरी काय? शार्कच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा. पाठीवरचा पर, छातीजवळचे दोन आणि शेपटीचा खालचा भाग मिळून व्यापारातला एक ‘संच’ होतो. वाळलेला पर करडा, खरखरीत आणि लाकडाच्या ढलपीसारखा कडक असतो. तो भिजवतात, वरची कातडी खरवडून काढतात, रसायनात टाकून पांढरा करतात. मग आतले बारीक, पारदर्शक तंतू सुटे होतात. शेवयांसारखे दिसणारे हे तंतू म्हणजेच त्या प्रसिद्ध सूपमधला ‘शार्क’. त्यांना स्वतःची चव नसते. चव येते ती कोंबडीच्या आणि डुकराच्या मांसाच्या रश्श्याने. दक्षिण चीनमध्ये लग्नाच्या पंगतीत हे सूप वाढणं म्हणजे पाहुण्यांचा मान राखणं. पूर्वी ते दरबारी आणि श्रीमंत घरांपुरतं होतं. 1980 नंतर चीनमध्ये पैसा खेळू लागला आणि कोट्यवधी मध्यमवर्गीय घरांना तो मान परवडू लागला.

इथे समुद्रावरचं गणित सुरू झालं. ट्यूना पकडणाऱ्या बोटी मैलोन्‌मैल लांबीच्या दोऱ्या सोडतात. एका दोरीला हजारो गळ असतात. ट्यूनाबरोबर शार्कही लागतो. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो. मासा मेला की त्याचा अमोनिया होतो आणि नीट जपला नाही तर तो वास शेजारच्या मासळीला लागतो. शिवाय त्याचं मांस स्वस्त आणि जागा खाणारं. बर्फाच्या खणात तीच जागा ट्यूनाला दिली तर कितीतरी जास्त पैसे येतात. परांचं वजन मात्र माशाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ते वाळवले की कुठेही मावतात. अनेक बोटींवर कमी पगाराच्या खलाशांना परांचे पैसे बक्षिशी म्हणून मिळत. मग शार्क वर ओढायचा, जिवंत असतानाच पर कापायचे आणि धड पुन्हा समुद्रात ढकलायचं, ही रीतच पडली. याला म्हणतात फिनिंग. हॅमरहेडसारख्या अनेक शार्कना कल्ल्यांतून पाणी खेळतं ठेवायला सतत पोहावं लागतं. पर गेलेलं धड पोहू शकत नाही. ते गिरक्या घेत तळाशी जातं आणि रक्तस्रावाने नाहीतर गुदमरून मरतं. याची चित्रफीत एकदा पाहिली की विसरता येत नाही. जगभरचं लोकमत फिरलं ते अशाच चित्रफितींनी.

लोकमत फिरलं तसे कायदे आले. अमेरिकेने 2000 मध्ये फिनिंगवर बंदी घातली. युरोपीय संघाने 2003 मध्ये घातली, पण परवाना घेतलेल्या बोटींना पर वेगळे काढायची मुभा ठेवून. अट एवढीच की परांचं वजन पकडलेल्या शार्कच्या एकूण जिवंत वजनाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. आता बंदरावर उतरलेल्या ढिगात कोणते पर कोणत्या धडाचे हे कोण सांगणार? उंची माशाचे पर ठेवायचे, स्वस्त माशाची धडं जोडीला द्यायची, की वजन बरोबर. अमेरिकेतल्या कायद्याला तर एका जहाजानेच भोक पाडलं. 2002 मध्ये ‘किंग डायमंड 2’ हे जहाज मध्य अमेरिकेजवळच्या पॅसिफिकमध्ये तटरक्षक दलाने अडवलं. त्यावर सुमारे 29 टन पर होते आणि धड एकही नव्हतं. 2008 मध्ये अपील न्यायालयाने निकाल मालकाच्या बाजूने दिला. जहाजाने पर भर समुद्रात इतर बोटींकडून विकत घेतले होते, स्वतः मासा धरला नव्हता, म्हणून कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे ते ‘मासेमारी जहाज’ ठरत नाही, असा तो निकाल. ही फट बुजवणारा नवा कायदा अमेरिकेत 2011 च्या जानेवारीत झाला. शार्क बंदरावर उतरवायचा तर परांसकट, असा नियम त्यात आला. युरोपने तो 2013 मध्ये स्वीकारला.

मागणीही हलली. बास्केटबॉलपटू याओ मिंगने 2006 मध्ये हे सूप न पिण्याचं जाहीर केलं आणि त्याचे जाहिरातपट चीनभर दाखवले गेले. 2013 च्या अखेरीस चीन सरकारने सरकारी मेजवान्यांतून हा पदार्थ काढून टाकला. विमान कंपन्या आणि मोठ्या जहाज कंपन्या परांची वाहतूक नाकारू लागल्या. हाँगकाँगची आयात दशकभरापूर्वीच्या तुलनेत निम्म्यावर आली. हे यश खरं आहे आणि ते मिळवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मग शार्क वाढले का? कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये याचा हिशेब मांडला. फिनिंगविरोधी नियम जगभर कितीतरी पटींनी वाढले, त्याच काळात, म्हणजे 2012 ते 2019 या वर्षांत, मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला किमान 7 कोटी 60 लाखांवरून 8 कोटींवर गेली. त्यातले सुमारे 30 टक्के अस्तित्व धोक्यात आलेल्या जातींचे. खुल्या समुद्रात मृत्यू थोडे घटले, किनाऱ्याजवळ वाढले. कारण उघड आहे. शार्क परांसकट बंदरावर आणायचा असेल तर आणलेलं धड फेकून कोण देईल? त्याला बाजार शोधला गेला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 2021 च्या अहवालानुसार 2012 ते 2019 या काळात शार्क आणि पाकटांच्या मांसाचा जागतिक व्यापार 2.6 अब्ज डॉलरचा होता, परांचा 1.5 अब्जांचा. ब्राझील हा या मांसाचा मोठा गिऱ्हाईक. तिथे ते ‘कासाऊँ’ या नावाने विकलं जातं आणि आपण शार्क खातो आहोत हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

शार्कला हा मार का सोसत नाही, ते त्याच्या बाळंतपणात आहे. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी घालतात आणि तूट लवकर भरून काढतात. मोठे शार्क तसे नाहीत. हॅमरहेडची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. डस्की शार्कला वीसच्या आसपास, आणि मग तीन वर्षांतून एकदा वीण. ग्रीनलंड शार्क तर दीडशे वर्षांचा झाल्यावर प्रजननक्षम होतो असा अंदाज आहे. अशा माशाची एक पिढी उचलली की ती भरून यायला आपली हयात पुरत नाही. 1970 पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 71 टक्क्यांनी घटली आहे. शार्क, पाकट आणि त्यांचे जवळचे भाऊबंद मिळून बाराशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक धोक्यात आहेत. शार्क गेले की खालची सगळी साखळी कोसळते, असं सरसकट लिहिलं जातं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचं जे उदाहरण त्यासाठी देतात त्यावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. मला त्या दाखल्याची गरज वाटत नाही. चाळीस कोटी वर्षं जुना वंश आपल्या डोळ्यांदेखत संपतो आहे, एवढं कारण पुरे.

आता आपल्याकडे येऊ. शार्क पकडणाऱ्या जगातल्या अगदी वरच्या देशांत भारत आहे. 2001 च्या जुलैत केंद्राने सगळेच शार्क आणि पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले. किनाऱ्यावर ओरड झाली आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. 2013 मध्ये ‘परांसकटच उतरवा’ हा नियम झाला. 2015 च्या फेब्रुवारीत सर्व शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूतूर भागातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या गळाने मोठे शार्क पकडण्यात तरबेज. त्यांची कमाई परांवर उभी होती, ती एका कागदाने गेली. त्यांना दुसरं काय द्यायचं याचा विचार निर्णयाआधी व्हायला हवा होता. आणि व्यापार थांबला म्हणावं, तर 2018 च्या सप्टेंबरात महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीत 3,000 किलो आणि गुजरातेत वेरावळला 5,000 किलो पर पकडले. दुसऱ्याच सुक्या मासळीच्या नावाखाली ते चीन आणि हाँगकाँगकडे निघाले होते.

तरीही भारतात शार्क मरतो तो मुख्यतः परांसाठी नव्हे. इथे पर कापून धड कोणी फेकत नाही. ट्रॉलर आणि जाळ्यांत दुसऱ्या मासळीबरोबर शार्क येतो, आणि आला की विकला जातो. कोकणातली मुशी, गोव्यातली मोरी ही घरची मासळी आहे. गोव्याचं आंबट तीक मोरीशिवाय अडतं, तमिळनाडूत बाळंतिणीला शार्कचं ‘सुरा पुट्टू’ करून घालतात. यात गुन्हा काहीच नाही. किनाऱ्यावरच्या ताटात नेहमी येणारी मुशी बहुधा स्कॉलियोडॉन जातीची. ही दोन-अडीच फुटांच्या आतच राहते, वर्ष-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी डझनभर पिल्लं देते. शार्कांमध्ये मासेमारीचा भार थोडाफार सोसू शकणारी अशी ही विरळा जात. प्रश्न तिच्या शेजारी पडलेल्या माशाचा आहे.

मालवणसारख्या बंदरात मासळीचा लिलाव होतो तेव्हा मुशीचे वाटे लावलेले असतात. करडी पाठ, पांढरं पोट, हात उलटा फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागणारी कातडी. त्याच वाट्यात कधी दोन्ही बाजूंना डोकं फाकलेली कानमुशी असते, हॅमरहेडचं पिल्लू. जन्मताच ते दीड फुटाच्या आसपास असतं. म्हणजे पूर्ण वाढलेली, चार वेळा व्यायलेली साधी मुशी आणि पंधरा वर्षांनी आई होणार असलेलं हे पिल्लू, दोघं जवळपास एका मापाचे. दोघांचे पर अंगावर शाबूत. सूप कमी झालं, निर्यात बंद झाली, फिनिंगही नाही. यातला कोणताही नियम त्या पिल्लापर्यंत पोचत नाही.

उलट गिऱ्हाइकाला लहानच मासा हवा असतो, तो मऊ लागतो म्हणून. संशोधक दिव्या कर्नाड आणि सहकाऱ्यांनी दहा किनारी राज्यांतल्या 2,649 हॉटेलांचा धांडोळा घेतला. त्यांतल्या 292 ठिकाणी शार्क मिळत होता आणि विक्रीत सर्वांत मोठा वाटा गोव्याचा होता, एकूण मागणीच्या एक तृतीयांशाहून जास्त. ही मागणी घरच्या आंबट तिकाची नव्हे, ती मोठ्या प्रमाणावर पर्यटकांची आहे. ‘बेबी शार्क’ मागवणाऱ्यांत देशी पर्यटक असतात तसे परदेशीही, आणि आपापल्या देशात फिनिंगविरुद्ध सही केलेले काहीजण त्यांत नसतील असं मी सांगू शकत नाही.

आपल्या किनाऱ्याला यातून मार्ग काढता येतो, हे व्हेल शार्कने दाखवलं आहे. सौराष्ट्रात तेल आणि मांसासाठी त्याची कत्तल होत असे. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ती जगापुढे आणली, मे 2001 मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यानंतर रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून सोडले आहेत आणि वनखातं जाळ्याची भरपाई देतं. महाराष्ट्रातही कांदळवन कक्षाने डिसेंबर 2018 पासून अशीच योजना चालवली. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली.

हॅमरहेडला मात्र ही योजना जशीच्या तशी उपयोगाची नाही. तो जाळ्यात फार लवकर मरतो. बोटीवर येईपर्यंत बहुतेक वेळा जीव गेलेला असतो, सोडायला काही उरत नाही. त्याची पिल्लं कोणत्या खाडीच्या तोंडाशी, कोणत्या महिन्यांत सापडतात हे मच्छीमारांना आणि लिलावावर बसणाऱ्या बायकांना रोजच्या व्यवहारातून माहीत असतं. ते त्यांच्याकडून लिहून घेऊन, तेवढे आठवडे तेवढ्या पट्ट्यात ट्रॉल आणि बारीक आसाचं जाळं पडू द्यायचं नाही, आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे बोटीला द्यायचे. भरपाई कापलेल्या जाळ्याऐवजी न टाकलेल्या जाळ्याची द्यावी लागेल. तेवढी तरतूद राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने करावी.