डोके उन्हात, पाय सावलीत

घरामागे एक जागा अशी असते की तिथे ऊन फारसे येत नाही. एका अंगाला भिंत, वर आंब्याची नाहीतर फणसाची फांदी आणि जवळच मोरीचे पाणी. घरातली बाई हौसेने तिथे मोगऱ्याचे रोप लावते. रोप जगते. फांद्या लांबट होतात, पाने येतात, पण कळी काही धरत नाही. दोन वर्षे वाट पाहून ते उपटून टाकतात. "या जागेला गुणच नाही," असे म्हणतात. मग तिथे केर पडतो, पाणी साचते आणि डास होतात.

आम्ही म्हणतो, यात दोष जागेचा नाही आणि मोगऱ्याचाही नाही. मोगरा उन्हाचा गडी. त्याला सावलीत बसवले, एवढेच चुकले. सावली आवडणारी झाडेही पुष्कळ आहेत. त्या जागी ती लावावी.

आधी ऊन पाहा

रोप आणण्याआधी एक दिवस जागा नीट पाहा. सकाळी ८ वाजता, दुपारी १२ वाजता आणि ४ वाजता ऊन कुठवर येते तिथे एकेक खडा ठेवा. जिथे ५-६ तास ऊन असते तिथे मोगरा, गुलाब, शेवंती लावा. जिथे सकाळचे २-३ तास कोवळे ऊन येते आणि मग सावली पडते, ती अर्धी सावली. आपला वाफा तिथे करायचा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. ऊन बारा महिने एका जागी नसते. पौषात सूर्य दक्षिणेकडे असतो. तेव्हा घराच्या उत्तरेकडची जागा दिवसभर सावलीत राहते. पुण्याला मे महिन्याच्या १३-१४ तारखेला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या भिंतीलाही तेव्हा ऊन लागते. खडे ठेवून पाहणे हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करावे.

मोरवेल काय शिकवते

सह्याद्रीच्या बाजूला झाडाझुडपांवर चढलेली मोरवेल तुम्ही पाहिली असेल. कुठे तिला रानजाईही म्हणतात. तिला पांढरी फुले झुपक्यांनी येतात. फुले गेली की प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते, आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते.

या वेलीचे मूळ झुडपाच्या सावलीत असते. तिथे पालापाचोळा पडलेला असतो, माती गार आणि ओलसर राहते. वेल मात्र झुडपातून वर चढते आणि उन्हात जाऊन फुलते. म्हणजे डोके उन्हात, पाय सावलीत. विलायतेत हिच्याच जातभाईंना क्लेमॅटिस म्हणतात. तिकडचे माळीही हाच नियम सांगतात.

घरी वेल लावताना हेच करावे. भिंतीला चिकटून लावू नये. तिथे पावसाचे पाणी कमी पोचते. एक हात अंतर सोडावे आणि वेल भिंतीकडे वळवावी. बुंध्याभोवती पाचोळा पसरावा, पण बुंध्याला चिकटू देऊ नये. मोरवेलीच्या पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. जाड खांबाला वेढा कसा बसणार? म्हणून तिला सुतळी किंवा बारीक काटक्या द्याव्या. जाई-जुईलाही वर ऊन मिळाले तर फुले भरपूर येतात.

मोरवेलीची पाने चुरगळून अंगाला लावू नयेत. रसाने कातडीची आग होते, फोडही येतात. पोरांना हे सांगून ठेवावे.

वेलीच्या पायाशी काय लावावे?

सोनटक्का, हळद आणि अळू ही तीन झाडे अर्ध्या सावलीत चांगली येतात. तिन्ही कंदांची. कंद शेजारणीकडून मागून आणले तरी चालतात, पैसा लागत नाही.

पावसाच्या तोंडाला, डोळा फुटलेला कंद चार बोटे खोल लावावा. आधी मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. सोनटक्क्याला दीड हाताचे अंतर ठेवावे. पावसाळ्यात त्याला पांढरी फुले येतात. संध्याकाळी त्यांचा वास अंगणभर पसरतो. हळदीला पाणी लागते, पण ते तुंबले तर कंद कुजतो. तिला उंचवट्यावर लावा. अळवाला ओल आवडते. ते खालच्या अंगाला लावा.

झाडाखालच्या वाफ्याला पाणी थोडे जास्त द्यावे, कारण त्यातले बरेचसे मोठे झाडच पिऊन टाकते.

मोरीचे पाणी मात्र एका जागी साचू देऊ नका. उतार काढून चर खणा, म्हणजे ते पसरेल आणि मुरेल. साचलेल्या पाण्यात डासाने अंडी घातली की आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. तापाची पुष्कळ दुखणी तिथूनच घरात येतात.

वाळले म्हणजे मेले नव्हे

हिवाळ्यात हळदीची पाने पिवळी पडून वाळतात. फुलून गेलेले सोनटक्क्याचे दांडेही सुकतात. झाड मेले असे समजून काही जण वाफा खणून टाकतात. तसे करू नका. कंद जमिनीत जिवंत असतो. वाळलेले दांडे कापा, वर पाचोळा घाला आणि खुणेला काठी रोवा. पाऊस पडला की कोंब वर येतील. तीन-चार वर्षांनी सोनटक्क्याचे बेट दाटले, की खणून कंद वेगळे करा आणि जास्तीचे दुसऱ्या घरी द्या.

गुण नसलेली जागा नसते, बरं का! तिथे कोणते झाड शोभेल, हे आधी ऊन पाहून ठरवावे लागते. या पावसाळ्याआधी तुमच्या घरामागे तीन खडे ठेवून पाहा.