एक खोली, दोन कुटुंबे

माझ्या भाच्याचे फ्लिक-आं-फ्लाक येथे सहा खोल्यांचे अतिथिगृह आहे. गेल्या डिसेंबरात रेयुनियनहून आलेली दोन कुटुंबे एकाच खोलीच्या दारात उभी राहिली. दोघांनीही संकेतस्थळावरून पैसे भरलेले! एका कुटुंबाला आमच्या वाक्वाच्या घरी आणून निजवावे लागले.

तेव्हापासून भाचा विचारत होता, "मावशी, कोणता डेटाबेस घेऊ?" मी शिक्षिका, पण हजेरीपट वीस वर्षे सांभाळले आहेत, त्यामुळे तक्त्यांची भीती नाही. खोल्यांचा तक्ता वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, आरक्षणांचा वेगळा आणि क्रमांकांनी ते एकमेकांशी जोडलेले, हीच रिलेशनल पद्धत. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी ती १९७० साली मांडली.

चूक कुठे झाली? जुने संकेतस्थळ आधी खोली रिकामी आहे का ते पाही, मग नोंद करी. मधल्या क्षणात दुसरे गिऱ्हाईक शिरले. माझ्या मते असा पहारा डेटाबेसनेच करावा. पोस्टग्रेसमध्ये "एकाच खोलीच्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत" असा नियम तक्त्यालाच लावता येतो. मायएसक्यूएलमध्ये असा तयार नियम नाही. तेथे प्रत्येक रात्रीची वेगळी ओळ ठेवून खोली व तारीख यांची जोडी दुबार येऊ द्यायची नाही. तेही चालते, पण खटपट जास्त.

ज्यांचे दुकान वर्डप्रेसवर आहे त्यांनी फार डोके शिणवू नये; ते मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवरच चालते. (दोन्हींची नावे त्यांच्या कर्त्याच्या मुलींवरून, मी आणि मारिया!) एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल. लहान, बहुधा वाचण्यापुरत्या संकेतस्थळाला ती पुरते. पण तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. हे सारे फुकट मिळतात. खर्च होतो तो सांभाळणाऱ्या माणसाचा, म्हणून आपल्या माणसाला काय येते तेही विचारावे. आणि रोज रात्रीची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. आपल्या बेटावर चक्रीवादळ काही विचारून येत नाही.

भाच्याने पोस्टग्रेस घेतले. परवा आम्ही दोघांनी दोन फोनांवरून एकाच खोलीसाठी एकदम बोट दाबून पाहिले. खोली मला मिळाली. त्याच्या फोनवर नकार आला.