खुर्ची मागवण्याआधी गुडघ्याची उंची मोजा

खानदेशातल्या विसरवाडीत राहून ऑफिसची मेश, म्हणजे जाळीची, खुर्ची घ्यायची, तर ती बहुतेकदा मोबाइलवर फोटो पाहूनच मागवली जाते. पुण्या-सुरतेच्या कंपनीचं काम घरून करणारी मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली, दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्रचालक या सगळ्यांना पाच-आठ हजारांची खुर्ची हा विचार करून करायचा खर्च आहे. दुकानात बसून पाहायची सोय नसली की फोटोखालच्या शब्दांवर भिस्त राहते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज ‘अर्गोनॉमिक’ या शब्दाचा. तो छापला म्हणजे खुर्ची कुणीतरी तपासली आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हा शब्द कोणत्याही खुर्चीच्या जाहिरातीत सापडतो. ‘बिफमा’चा उल्लेख त्यापेक्षा कामाचा, पण त्याचा अर्थ नीट कळायला हवा. बिफमा ही अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांची संघटना. तिच्या मानकानुसार प्रयोगशाळेत बैठकीवर ५७ किलोंचं वजन एक लाख वेळा आदळवतात, पाठ आणि पाया ताणून पाहतात. म्हणजे खुर्ची मोडणार नाही, हे त्यातून कळतं. ती तुमच्या पाठीला मानवेल की नाही, हे कळत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं कामाच्या खुर्च्यांसाठी ‘आयएस १७६३१’ हे मानक २०२२ पासून आहे. विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा. नुसता शिक्का दाखवून तो गप्प बसत असेल, तर त्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

‘जाळी पाठीला चांगली’ हेही सगळीकडे ऐकू येतं. जाळीचा खरा उपयोग वारा खेळण्याचा. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखाली सहा-सात तास बसणाऱ्याला तो उपयोग मोठाच आहे, त्यासाठी जाळी जरूर घ्यावी. पण पाठीला आधार मिळतो तो जाळीच्या ताणातून आणि कमरेच्या टेकूतून. जाळीच्या खुर्च्यांना जगभर नाव मिळालं ते १९९४ साली हर्मन मिलर कंपनीच्या ‘एरॉन’ खुर्चीमुळे. तिची जाळी खास लवचीक धाग्याची होती आणि खुर्ची तीन मापांत मिळायची. स्वस्त खुर्चीत साधी पॉलिस्टरची जाळी असते आणि माप एकच. शिवाय जाळी बहुधा पाठीलाच असते, बैठक फोमची. वर्षभरात आधी दबतो तो हा फोम, म्हणून जाळीपेक्षा फोमची घनता विचारा. घनमीटरला ४० किलोंच्या आसपास किंवा जास्त असेल तर बरं.

सगळ्यात नुकसान करणारा समज म्हणजे ‘खुर्ची वर-खाली होते, म्हणजे कुणालाही बसते’. इथे थोडं थांबून हिशेब करू. पाच फूट उंचीच्या बाईच्या गुडघ्यामागच्या खोलगट भागाची जमिनीपासूनची उंची साधारण १५ इंच भरते. बऱ्याच स्वस्त खुर्च्यांची बैठक पूर्ण खाली आणली तरी १७-१८ इंचांवर राहते. पाय लोंबकळतात, मांडीखाली दाब येतो, मुंग्या येतात. मग ती पुढे सरकून कडेवर बसते, आणि ज्या टेकूसाठी पैसे मोजले तो पाठीमागे रिकामा राहतो. त्यात टेबल २९-३० इंच उंच. बसल्यावर तिचं कोपर बैठकीपासून सुमारे आठ इंच वर येतं, म्हणजे १७ अधिक ८, फार तर २५-२६ इंच. टेबल त्याच्याही वर चार इंच, त्यामुळे खांदे दिवसभर उचललेले.

यावर उपाय घरातच आहे. सुताराकडून टेबलाचे पाय कापून ते २६ इंचांवर आणा, आणि पायाखाली देवघरातला नव्हे, जेवायला बसायचा दोन इंची पाट घ्या. टेबल कापायचं नसेल तर खुर्ची वर घ्या आणि दोन विटांवर फळी टाकून पाय टेकवा. बैठकीची खोलीही मोजा. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे.

ताठ, काटकोनात बसणं उत्तम, हे शाळेपासून कानावर पडलेलं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी २२ निरोगी माणसांचं बसलेल्या अवस्थेत एमआरआय केलं. काटकोनात बसल्यावर मणक्यांमधल्या चकत्या सर्वांत जास्त सरकल्या, १३५ अंशांत मागे रेलल्यावर कमी. १३५ अंशांत टाइप करता येत नाही, हे खरं. पण थोडं मागे रेलावं आणि अधूनमधून बसण्याची ढब बदलावी, इतकं नक्की घेता येतं. म्हणून मागे झुकणारी आणि त्या झुकण्याचा ताण कमी-जास्त करता येणारी खुर्ची निवडा. डोक्याच्या टेकूला नंतरचं स्थान द्या. स्वस्त खुर्चीत तो कित्येकदा मान पुढे ढकलतो.

मान तर लॅपटॉपमुळेच जास्त दुखते, आणि त्यावर कोणतीही खुर्ची उपाय नाही. पडदा पुस्तकांच्या चवडीवर डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा घ्या. हा खर्च खुर्चीच्या आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दुखणं पायात उतरत असेल किंवा बधिरपणा असेल, तर खुर्ची शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

खुर्ची वर-खाली करणारा गॅसचा सिलिंडर फुटेल अशी भीती अनेक घरांत असते. त्यात पेट घेणारा वायू नसतो, नायट्रोजन असतो. सहसा बिघाड होतो तो इतकाच, की खुर्ची हळूहळू खाली बसू लागते, आणि सिलिंडर बदलता येतो. गुळगुळीत फरशीवर कडक नायलॉनची चाकं घसरतात, मऊ रबरी थराची मागा. गावावरून जाणाऱ्या हायवेवरच्या गाड्यांची धूळ जाळीत बसते, ती ओल्या फडक्याने निघते.

पैसे भरण्याआधी आपल्या पिनकोडवर दुरुस्तीची सेवा पोचते का, आणि सुटे भाग वेगळे मिळतात का, हे लेखी विचारा. परत पाठवायची मुदत संपेपर्यंत खोकं फाडू नका, आणि त्या दिवसांत खुर्चीवर रोजच्याइतकंच काम करून पाहा.