खलिफाचा प्रश्न, काजीचा प्रश्न

येशूच्या देवत्वावर मुसलमानांनी घेतलेले आक्षेप आणि त्यांना ख्रिस्ती लेखकांनी दिलेली उत्तरे, हा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे सुरू होते ते आग्र्याच्या १८५४ च्या वादापासून आणि येऊन थांबते ते मोबाइलवर फिरणाऱ्या चार मिनिटांच्या तुकड्यांपाशी. आग्र्याच्या आधी अकराशे वर्षे हाच प्रश्न विचारला जात होता आणि त्याला उत्तरेही दिली जात होती. ती उत्तरे देणारे बहुतेक लोक अरबी बोलणारे ख्रिस्ती होते. बगदाद, तिक्रीत, बसरा, हर्रान, निसिबिस ही त्यांची गावे. माझे उभे आयुष्य त्यांच्या वाचनात गेले, आणि या आढाव्यात झुकते माप मी त्यांनाच देणार आहे.

आक्षेप वाचकाला ठाऊक आहेत. देवाला मूल कसे होईल? जो जेवतो, झोपतो, दमतो, तो देव कसा? येशू प्रार्थना करत असे ती कोणाची? तो थडग्यात होता तेव्हा विश्वाचा कारभार कोण पाहत होते? आठव्या शतकात हे प्रश्न ज्या शब्दांत विचारले गेले, जवळपास त्याच शब्दांत ते आजही विचारले जातात. उत्तरे मात्र पार बदलली, आणि माझे स्पष्ट मत आहे की ती बिघडली.

दमास्कसच्या योहानापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. त्याचे घराणे उमय्या खलिफांच्या चाकरीत होते, तो स्वतः पुढे संन्यासी झाला. पण तो लिहितो ग्रीकमध्ये आणि इस्लामला पाखंडांच्या यादीत बसवतो. एक युक्तिवाद त्याच्याकडून सर्वांनी उचलला. कुराण येशूला देवाचा शब्द आणि देवाकडून आलेला आत्मा म्हणते. मग तो शब्द, तो आत्मा देवाच्या ठायी आहे की देवाबाहेर? बाहेर असेल तर देव शब्दावाचून आणि आत्म्यावाचून उरला. युक्तिवाद पक्का आहे, पण तो आपल्याच माणसांना ऐकवलेला आहे. शेजारी बसलेल्या मुसलमानाला तो ऐकूच जात नाही.

शेजाऱ्याला ऐकू जाईल असे पहिले लेखन सिनाईच्या मठात सापडले. ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या केंब्रिजला राहणाऱ्या स्कॉटिश जुळ्या बहिणी १८९२ साली प्रथम सिनाईला गेल्या, आणि गिब्सनबाईंनी १८९९ साली तिथल्या एका हस्तलिखितातला त्रैक्यावरचा अरबी निबंध छापला. तो आठव्या शतकातला, लेखकाचे नाव नाही. त्याची प्रार्थनारूप सुरुवात वाचताना कुराणाचा वळसेदार अरबी नाद कानात घुमतो, आणि मग कळते की लिहिणारा ख्रिस्ती आहे. हा माणूस तौरात आणि इंजीलबरोबर कुराणाचेही दाखले देतो. देव माणसाशी बोलतो तो पडद्याआडून, असे कुराणात आहे. निबंधकार म्हणतो, येशूचे निष्पाप माणूसपण हाच तो पडदा. ‘जेवणारा देव कसा’ या आक्षेपाला इतके अदबशीर आणि इतके खोल उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही. देहामुळे देवाला उणेपणा येतो हा आक्षेप. देहामुळे देव माणसाला सोसवेल इतका जवळ आला, हे उत्तर.

आता तिमथी. पूर्वेच्या मंडळीचा, म्हणजे ज्यांना आपण नेस्टोरियन म्हणतो त्यांचा, हा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू. कारकीर्द ७८० ते ८२३. खलिफा अल-महदीने त्याच्याकडून ॲरिस्टॉटलच्या ‘टॉपिक्स’चे अरबी भाषांतर करवून घेतले, इतका दरबारात त्याचा वावर. ७८२ च्या सुमारास दोन दिवस खलिफाने त्याला प्रश्न विचारले आणि तिमथीने ते सारे सिरियाक भाषेतल्या एका पत्रात लिहून ठेवले. पत्र त्याच्या बाजूचे आहे हे ध्यानात ठेवूनच वाचावे लागते. तरीही खलिफाचे प्रश्न त्याने बोथट केलेले नाहीत. पहिलाच प्रश्न असा, की तुझ्यासारखा शहाणा माणूस देवाने बायको करून मुलगा जन्माला घातला असे म्हणतो कसा? तिमथीचे पहिले वाक्य विरोधाचे नाही, सहमतीचे आहे. असे म्हणणे ही देवनिंदाच आहे, कोण म्हणतो तसे? मग तो सूर्य आणि त्याचे तेज, जीव आणि त्याचा शब्द यांच्याकडे वळतो. खलिफाला म्हणतो, महाराज, आपण, आपला शब्द आणि आपला आत्मा मिळून एकच राजा आहात, तीन नव्हे.

खलिफा तेवढ्याने मानत नाही. येशूने प्रार्थना केली, ‘माझा देव आणि तुमचा देव’ असे तो म्हणाला, मग तो देव कसा, हे तो विचारतो. तिमथी आपल्या मंडळीच्या शिकवणीप्रमाणे उत्तर देतो, की शब्द म्हणून त्याला प्रार्थनेची गरज नव्हती, माणूस म्हणून त्याने ती केली. मुहंमदाविषयी काय म्हणतोस, हा धारदार प्रश्नही आला. तिमथी म्हणाला, ते संदेष्ट्यांच्या वाटेने चालले. लोकांना मूर्तींपासून दूर करून त्यांनी एका देवाकडे वळवले. त्यापुढे त्याने पाऊल टाकले नाही आणि मागेही घेतले नाही. शेवटी तो मोत्याची गोष्ट सांगतो. अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटते तो आपल्याच मुठीत आहे, उजाडले की कळेल. तरी मोती आपल्याकडे आहे हे म्हणायला तो विसरत नाही.

आमचे काही विद्वान मित्र याला दरबारी गुळमुळीतपणा म्हणतात. जिझिया भरणाऱ्या प्रजेचे भित्रे साहित्य, असा शिक्का त्यांनी या साऱ्या परंपरेवर मारला आहे. मला तो शिक्का मुळीच मान्य नाही. खलिफासमोर उभे राहून येशू देव आहे असे दोन दिवस सांगणारा माणूस भित्रा, आणि मुंबईत बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर ओरडणारा माणूस शूर, हा हिशेब मला कधी उमगला नाही.

नवव्या शतकात इस्लामी कलाम, म्हणजे तर्काने चालणारे धर्मशास्त्र, भरात आला. देव ज्ञानी आहे, जिवंत आहे, तर ज्ञान आणि जीवन हे गुण त्याच्या सत्तेहून वेगळे की तीच सत्ता, यावर मुसलमान पंडित आपसांत कडाक्याने भांडत होते. कुराण निर्मित की अनिर्मित, या वादाने तर ८३३ मध्ये खलिफा मामूनच्या हुकुमाने चौकशीसत्राचे रूप घेतले. ख्रिस्ती पंडितांनी नेमकी हीच जागा हेरली. बसऱ्याचा अम्मार, तिक्रीतचा अबू राइता, हर्रानचा बिशप थिओडोर अबू कुर्रा या तिघांच्या मंडळ्या वेगळ्या. ख्रिस्ताच्या स्वभावांबद्दल त्यांचे एकमेकांशीही हाडवैर. पण मुसलमानाशी बोलताना तिघांची भाषा एक होती. अम्मार म्हणतो, देव जिवंत आणि बोलणारा आहे हे तुम्हीही म्हणता. मग जीवन आणि शब्द त्याला नंतर चिकटलेले असू शकत नाहीत. लगेच उलट प्रश्न आला, गुण तर पुष्कळ आहेत, सामर्थ्य आहे, श्रवण आहे, दृष्टी आहे, मग तीनच का? अम्मारने उत्तर दिले, की जीवन आणि शब्द यांवाचून सत्ताच उभी राहत नाही, बाकीचे गुण त्यांतून येतात. हे उत्तर पूर्ण समाधानाचे नाही. पण प्रश्न टाळलेला नाही, आणि अबुल हुधैलसारख्या मोठ्या मुअतझिली पंडिताला या ख्रिस्ती अम्मारविरुद्ध स्वतंत्र लेखन करावेसे वाटले, यातच अम्मारचा मान आहे.

माझ्या मनात सर्वांत वरचा पाट मात्र याह्या इब्न अदीचा. जन्म ८९३, मृत्यू ९७४. तिक्रीतहून बगदादला आलेला, फाराबीचा शिष्य, पोटापाण्यासाठी पोथ्या नकलणारा. त्याच्या ओळखीतला इब्न अल-नदीम सांगतो, की एका दिवसरात्रीत तो शंभर पाने लिहून काढी. तबरीच्या कुराणभाष्याची संपूर्ण नक्कल त्याने दोनदा केली होती. हा माणूस काय लिहायला बसला? अबू ईसा अल-वर्राक या नवव्या शतकातल्या तिखट टीकाकाराने त्रैक्यावर आणि देहधारणेवर मोठा हल्ला चढवला होता. शब्दाचा मानवी देहाशी संयोग झाला असे तुम्ही म्हणता. तो संयोग तिघांचा की एकाचा? एकाचा असेल तर उरलेले दोघे त्याच्याहून वेगळे ठरत नाहीत का? क्रुसावर मेला तो कोण? वर्राक एकेका पंथाला धरून असे सारखे विचारत जातो. याह्याने त्याचा मजकूर परिच्छेदामागून परिच्छेद जसाच्या तसा उतरवला आणि प्रत्येकाखाली आपले उत्तर लिहिले. वर्राकचा मूळ ग्रंथ पुढे नाहीसा झाला. आज तो आपल्याला वाचता येतो तो या ख्रिस्ती माणसाच्या पोथीमुळे. तत्त्वज्ञ अल-किंदीच्या त्रैक्यखंडनाचेही तेच झाले. प्रतिपक्षाचे म्हणणे एक शब्द न गाळता पुढच्या हजार वर्षांच्या हाती देणे, ही या विषयातली सर्वांत मोठी कामगिरी मी मानतो. उत्तरे बरोबर की चूक, हा त्यानंतरचा प्रश्न.

१०२६ साली निसिबिसला धर्माध्यक्ष इलिया आणि वजीर अबुल कासिम अल-मघ्रिबी यांच्या बैठकी झाल्या. वजीर प्रवासात आजारी पडला आणि एका ख्रिस्ती मठात बरा झाला, तेव्हापासून त्याच्या मनात घोळत होते, की हे लोक खरोखर एकेश्वरवादी आहेत का? ‘अनेकेश्वरवादी’ म्हणून ज्यांची हेटाळणी ऐकली, त्यांच्याच हातून जीव वाचल्यावर पडलेला हा प्रश्न. त्या बैठकींमध्ये हार-जीत कोणी मोजली नाही.

पुढच्या काळाला मी फार थांबत नाही. ‘अल-किंदी’ याच नावाने, पण ख्रिस्ती लेखकाने लिहिलेले एक बोचरे पत्र बाराव्या शतकात स्पेनमध्ये लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने अरबी ख्रिस्ती परंपरेतून नेमके तेवढेच उचलले. १८८२ मध्ये विल्यम म्यूरने ते इंग्रजीत आणले. अक्विनासने १२६४ च्या सुमारास एका छोट्या पुस्तिकेत बजावले होते, की श्रद्धा सिद्ध करायला जाऊ नका, ती बुद्धीविरुद्ध नाही इतके दाखवा. ते फारसे कोणी ऐकले नाही.

आणि मग ठाणे. आपल्या अंगणात घडलेली ही गोष्ट ठाण्याच्याही किती लोकांना माहीत आहे? १३२१ साली चार फ्रान्सिस्कन होर्मुझहून निघाले, वाऱ्याने ठाण्याला येऊन लागले आणि एका नेस्टोरियन कुटुंबाकडे उतरले. पोर्देनोनेचा ओडोरिक लिहितो, की तिथे नेस्टोरियनांची पंधरा घरे होती. हे लोक तिमथीच्याच मंडळीचे. सहाव्या शतकात प्रवासी कॉस्मस ज्या कल्लियानाला इराणहून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो, ते आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या खाडीकाठी ती मंडळी नवखी नव्हती. घरमालकाने बायकोला मारले, ती काजीकडे गेली, आणि साक्षीला म्हणून फ्रान्सिस्कनांना बोलावणे आले. एक मागे घरी थांबला, तिघे गेले. काजीने तोच जुना प्रश्न काढला, ख्रिस्त केवळ माणूस होता, देव नव्हता. टोलेंतिनोच्या थॉमसने युक्तिवादांनी आणि दाखल्यांनी उत्तर दिले. मग काजीने विचारले, मुहंमदाविषयी काय म्हणता? थॉमसने जे उत्तर दिले त्यात शिव्याशाप होते. चौघेही मारले गेले. डोमिनिकन साधू जोर्दानुसने त्यांना सोपाऱ्याला पुरले आणि पुढे ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला.

चर्चच्या पंचांगात हे चौघे हुतात्मे आहेत आणि त्यांच्या धैर्यापुढे मी मान तुकवतो. पण प्रश्न तोच होता जो खलिफाने तिमथीला विचारला होता, आणि ज्या घरात ते उतरले होते त्या घराच्या मंडळीकडे त्याचे उत्तर साडेपाचशे वर्षे होते. ओडोरिक मात्र त्या यजमानांना पाखंडी म्हणून मोकळा होतो. ती पंधरा घरे पुढे कुठे गेली याची कोणालाही पर्वा वाटली नाही.

मोगल दरबारात थोडी उमेद दिसते. गोव्याहून गेलेला जेरोम झेवियर १५९५ पासून लाहोर-आग्र्यात राहिला, फारसी शिकला, अब्दुस सत्तारच्या मदतीने १६०२ मध्ये अकबरासाठी ख्रिस्तचरित्र लिहिले, मग १६०९ मध्ये संवादरूप ‘आईना-ए-हकनुमा’. त्याला इस्फहानच्या सय्यद अहमदने ग्रंथरूपाने उत्तर दिले. अब्दुस सत्तारनेच टिपलेल्या जहांगीरच्या रात्रबैठकींत पाद्र्यांशी झडलेले वाद आहेत. झेवियर १६१७ मध्ये गोव्यात वारला.

आग्र्याच्या वादावर शेकड्यांनी पाने खर्ची पडली आहेत. मिशनरी फँडर, समोर रहमतुल्लाह कैरानवी आणि डॉक्टर वजीर खान, १० आणि ११ एप्रिल १८५४. कैरानवींच्या बाजूने युरोपातल्याच बायबल-चिकित्सकांचे दाखले आले आणि फँडर गडबडला, हे सर्वश्रुत आहे. मला खुपते ते वेगळेच. ठरलेल्या विषयांत येशूचे देवत्व होते. दोन दिवस ग्रंथ रद्द झाला का, ग्रंथात फेरफार झाला का, यावरच गेले आणि देवत्वाचा विषय निघालाच नाही. पुढे कैरानवींनी ‘इझहारुल हक’ लिहिला, तो दक्षिण आफ्रिकेत सुरतेकडच्या अहमद दीदात यांच्या हाती पडला, आणि व्यासपीठावरच्या जुगलबंदीची रीत जगभर रुजली. आमच्या बाजूच्या वक्त्यांनीही तीच रीत उचलली. तेव्हापासून देवत्वावर बोलायचे म्हणजे अमक्या वचनाला तमके वचन फेकून मारायचे, असे झाले आहे.

मला अरबी शिकवली भिवंडीच्या एका वृद्ध मौलवींनी. दुपारच्या नमाजानंतर ते मला घेऊन बसत. सिनाईचा तो निबंध आम्ही मिळून वाचला, तेव्हा पडद्याच्या दाखल्यापाशी ते बराच वेळ थांबले, आणि मग म्हणाले, “मानता येत नाही, पण हा माणूस कुराण आमच्यासारखं वाचतो.” माझ्या सगळ्या परीक्षकांपेक्षा मला त्यांचे ते वाक्य मोठे वाटते. आजच्या ख्रिस्ती तरुणाला असे दोन तास कोणाजवळ बसायची सवड नाही, आणि त्याला शिकवणाऱ्यांनाही नाही. मी ज्या ग्रंथालयात अम्मार वाचला, तिथली अरबी कपाटे एकदा कुलूपबंद झाली आणि मग त्यांची जागा संगणकांनी घेतली. दुसऱ्या टोकाला आमचे संवादप्रेमी आहेत. चहा-बिस्किटांच्या सभेत ते शांतीवर बोलतात आणि येशू कोण, हा विषय निघू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. मुसलमान मित्राला ठाऊक असते की आपण काय मानतो. आपण ते बोलत नाही, तेव्हा आपण त्याला फसवत आहोत असेच त्याला वाटते.

अम्मारचे दोन्ही ग्रंथ १९७७ पासून बैरुतच्या छापील आवृत्तीत मिळतात. तिमथीचे पत्र १९२८ मध्ये मिंगानाने इंग्रजीत आणले. मराठीत यांतले एक पानही नाही. वसई, पुणे, नगर या तिन्ही ठिकाणी धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतल्या एकीने तरी अरबी आणि सिरियाकचा वर्ग काढावा आणि पहिले भाषांतर तिमथीचे करावे. त्यात खलिफाचे प्रश्न आधी नीट, पूर्ण, त्याच्या बाजूने उतरवावेत. उत्तरांना हात त्यानंतर लावावा.