बसा ना!

आईला जाऊन तीन महिने झाले होते. रेनने १६७५ साली बांधायला घेतलेल्या लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये मी घुमट पाहत उभा होतो. तास भरला; एका वृद्ध धर्मगुरूंनी प्रवाशांना क्षणभर थांबवून छोटीशी प्रार्थना म्हटली. असे स्वयंसेवक तेथे पाळीपाळीने येतात; ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे ऐकतात.

मी हिंदू, हे मी आधीच सांगून टाकले. ते म्हणाले, ‘‘बसा ना!’’

आई गेली त्या दुपारी मी इस्पितळात न जाता उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. पत्नीलाही न सांगितलेले हे शल्य मी त्यांना सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, ‘‘आई कशी होत्या?’’

सांत्वनाला आलेल्या कोणीही हे विचारले नव्हते.

वाचकहो, यंदा ज्या घरी फराळ झाला नसेल तेथे ताट घेऊन जाल, तेव्हा घटकाभर बसा आणि एवढेच विचारा.