कंबरदुखी

कंबरदुखी : (कटिशूल). शेवटच्या बरगडीच्या खालच्या कडेपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंत पसरलेल्या पाठीच्या भागात होणाऱ्या वेदनेस कंबरदुखी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकृतींत आढळणारे ते एक लक्षण आहे. व्यवहारात ‘पाठदुखी’ हा शब्द वापरला जातो, तेव्हाही रोख बहुधा पाठीच्या याच खालच्या भागाकडे असतो. २०२० मध्ये जगात सुमारे ६१·९ कोटी लोकांना हा त्रास होता असा अंदाज आहे. या विकाराने मृत्यू क्वचितच येतो. परंतु माणसाला कामास असमर्थ करणाऱ्या विकारांत त्याचा क्रम पहिला लागतो. सहा आठवड्यांपर्यंत टिकणाऱ्या कंबरदुखीस तीव्र, सहा ते बारा आठवड्यांच्या दुखण्यास उपतीव्र आणि त्यापुढील दुखण्यास चिरकारी म्हणतात. हा भेद केवळ सोयीचा नाही. कारण या प्रकारांची चिकित्सा बरीच वेगळी आहे.

रचना : पाठीचा कणा ३३ कशेरुकांचा (मणक्यांचा) बनलेला असून त्यांपैकी ७ मानेच्या, १२ पाठीच्या व ५ कमरेच्या असतात. उरलेल्यांपैकी ५ एकजीव होऊन त्रिकास्थी बनते व सामान्यतः ४ मिळून माकडहाड बनते. सुट्या कशेरुकांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी जेलीसारखा पाणीदार गाभा व त्याभोवती तंतुमय कडे असते. प्रौढ व्यक्तीच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण लगतच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर होते व हालचालीमुळे होणारा दाबातील चढउतार या झिरपण्यास साहाय्यक होतो. दिवसभराच्या भाराने चकत्यांतील पाणी कमी होते आणि रात्री निजल्यावर ते परत शोषले जाते. त्यामुळे माणसाची उंची सकाळी सु. १ ते २ सेंमी. अधिक भरते. चकत्यांमागील नालेत मेरुरज्जू असतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या कशेरुकेपाशी संपतो व तेथून खाली तंत्रिकांचा (मज्जातंतूंचा) घोड्याच्या शेपटीसारखा झुबका उतरतो, त्यास अश्वपुच्छ म्हणतात. शरीराचा वरचा सर्व भार कमरेच्या पाच कशेरुकांवर येतो आणि वाकण्याची क्रियाही मुख्यतः तेथेच घडते, म्हणून दुखण्याची जागाही बहुधा तीच असते.

कारणे : दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत वेदनेचे उगमस्थान निश्चितपणे दाखविता येत नाही. स्नायू, अस्थिबंध, चकत्या व कशेरुकांमधील लहान सांधे यांपैकी कशातून तरी ती उद्‌भवते, एवढेच म्हणता येते. अशा कंबरदुखीस अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. ‘उसण भरणे’, ‘चमक भरणे’, ‘लचक भरणे’ या बोलीतील शब्दांनी दर्शविली जाणारी स्थिती याच प्रकारात मोडते. जड वस्तू उचलताना, खाली वाकून एकदम वळताना आणि पुष्कळदा नुसते शिंकतानाही कमरेत कळ येते, स्नायू आखडतात व रुग्ण एका बाजूस कललेला राहतो. पायाळू माणसाने (जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले अशा व्यक्तीने) कमरेस पाय लावला की उसण जाते, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. उसण बहुधा काही दिवसांतच आपोआप ओसरते, त्यामुळे तिचे श्रेय शेवटी केलेल्या उपायास मिळते. ही अडचण केवळ पायाळूपुरती मर्यादित नाही. कंबरदुखीवरील अनेक महागड्या उपचारांची कीर्तीही याच पायावर उभी होती, असे पुढे तुलनात्मक चाचण्यांतून दिसून आले.

चकतीच्या गाभ्याचा भाग कड्यातील चिरेतून बाहेर येऊन तंत्रिकामुळावर दाब पडला, तर वेदना नितंबापासून मांडीच्या मागील बाजूने पोटरीत व पावलात उतरते, मुंग्या येतात आणि प्रसंगी पाऊल दुबळे होते. या स्थितीस आयुर्वेदात गृध्रसी हे नाव असून चरकसंहितेत तिची गणना वातव्याधींत केली आहे. ही वेदना सांध्याची नसून तंत्रिकेची आहे, हे नेपल्स येथील वैद्य दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये प्रतिपादन केले. चकतीशी असलेला तिचा संबंध मात्र विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या बॉस्टन येथील शस्त्रक्रियाविशारदांनी १९३४ मध्ये प्रस्थापित केला. या शोधाचे महत्त्व मोठे आहे. पण त्यानंतर जवळजवळ अर्धशतक प्रत्येक कंबरदुखीचे खापर चकतीवर फोडण्याची प्रवृत्ती बळावली. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) उपलब्ध झाल्यावर तीस अधिकच जोर आला. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याच्या प्रतिमा तपासण्यात आल्या. त्यांतील केवळ ३६% व्यक्तींच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या, ५२ टक्क्यांत किमान एक चकती फुगलेली व २७ टक्क्यांत ती पुढे आलेली आढळली. म्हणजे प्रतिमेत दिसणारा दोष हेच वेदनेचे कारण होय, असे धरून चालता येत नाही. ‘मणक्यांत गॅप पडली’ किंवा ‘गादी सरकली’ ही आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी वाक्येही दिशाभूल करणारी आहेत. वयपरत्वे चकतीतील पाणी कमी होऊन दोन कशेरुकांतील जागा वाढत नाही, तर घटते. आणि चकती दोन्ही बाजूंच्या हाडांना घट्ट जोडलेली असल्यामुळे ती साबणाच्या वडीप्रमाणे निसटत नाही. अशा शब्दांनी रुग्णाच्या मनात आपला कणा ठिसूळ झाल्याची भीती बसते, तो हालचाल टाळू लागतो, स्नायू दुबळे होतात व दुखणे लांबते. स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये चिरकारी कंबरदुखीतील शारीरिक, मानसिक व सामाजिक घटकांची अशी सांगड घालून दाखविली आणि त्यामुळे या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

उतारवयात मेरुनाल अरुंद झाल्यास चालताना पायांत वेदना येते व बसल्याने किंवा पुढे वाकल्याने ती थांबते. एक कशेरुका खालच्या कशेरुकेवरून पुढे सरकणे, तसेच अस्थिविरलतेमुळे (हाडे विरळ व ठिसूळ झाल्यामुळे) कशेरुका दबणे, हीही कारणे आहेत. दुसरे विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत आढळते. मुतखडा, स्वादुपिंडाचे व गर्भाशयाचे विकार आणि महारोहिणीचा फुगवटा यांमुळेही कंबर दुखते.

धोक्याची लक्षणे : थोड्या रुग्णांत कंबरदुखीमागे गंभीर रोग असतो व त्यांना वेळीच ओळखणे हे चिकित्सकाचे पहिले कर्तव्य ठरते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजनातील घट, रात्री निजल्यावरही न थांबणारी वेदना आणि कण्यावर एखाद्या जागी दाबल्यास दुखणे ही लक्षणे असल्यास भारतात सर्वप्रथम कण्याच्या क्षयाची शंका घेतली पाहिजे. उपचार लांबल्यास कशेरुका खचून कुबड येते व पाय लुळे पडू शकतात. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या विकृतीचे वर्णन केल्यामुळे तिला पॉट रोग असेही म्हणतात. या रोगावर एके काळी शस्त्रक्रियेचा सरसकट वापर होई. वाराणसी येथे एस्. एम्. तुली यांनी सर्वांना क्षयप्रतिबंधक औषधे देऊन औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरच शस्त्रक्रिया करण्याचा ‘मध्यम मार्ग’ अवलंबिला व त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्ण केवळ औषधांनी बरे होतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. औषधे अनेक महिने घ्यावी लागतात आणि वेदना थांबताच ती सोडणे घातक ठरते.

चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी कंबरदुखी आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा हे बद्धकारी कशेरुकशोथाचे सूचक आहे. असे तरुण पुष्कळदा वर्षानुवर्षे साधी उसण समजून मलमे चोळत राहतात. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीस नव्याने कंबरदुखी झाल्यास तिची ताबडतोब तपासणी आवश्यक असते. सर्वांत तातडीची अवस्था अश्वपुच्छावर दाब पडण्याची होय. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, मलविसर्जनावरील ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे आणि दोन्ही पायांतील शक्ती जाणे ही तिची लक्षणे होत. येथे शस्त्रक्रियेखेरीज इलाज नाही व तीही तासांच्या हिशेबाने करावी लागते. विलंब झाल्यास मूत्राशयाचे कार्य कायमचे बिघडते.

शस्त्रक्रियेविना चिकित्सा : वरील लक्षणे नसल्यास पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरण वा अन्य प्रतिमांची गरज नसते. रुग्णाची तपासणी करून दुखणे निरुपद्रवी असल्याचे त्याला नीट समजावून सांगणे, हाच उपचाराचा आरंभ होय.

विश्रांतीविषयीची मते पूर्णपणे पालटली आहेत. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात कंबरदुखीसाठी दोन-तीन आठवडे सक्तीने निजवून ठेवीत, गादीखाली फळी घालीत व पायांना वजने लावीत. १९८६ मध्ये टेक्सासमधील रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर केलेल्या तुलनेत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली. शिवाय दोन दिवसांच्या गटातील रुग्णांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. फिनलंडमध्ये १९९५ साली त्याही पुढचा निष्कर्ष निघाला : सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण निजून राहणाऱ्यांपेक्षा व व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर बरे झाले. तीव्र वेदनेच्या दिवसांत ठराविक व्यायामाची घाई करू नये, हा त्यातील दुसरा बोध बहुधा दुर्लक्षित राहतो. फळीवर किंवा जमिनीवर निजण्याच्या सल्ल्यासही आधार मिळाला नाही. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक हितकर ठरली.

चिरकारी कंबरदुखीत मात्र व्यायाम हा मुख्य उपाय आहे. अमेरिकेत पॉल विल्यम्स यांनी १९३७ मध्ये कंबर पुढे वाकविणाऱ्या व्यायामांचा पुरस्कार केला. याच्या नेमके उलट, न्यूझीलंडमधील भौतिकी चिकित्सक रॉबिन मकेंझी यांनी पाठ मागे वाकविणारे व्यायाम प्रचारात आणले. १९५६ मध्ये त्यांच्याकडील एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या खाटेवर पालथा पडून राहिला आणि त्याची पायातील वेदना नाहीशी झाली, अशी हकीकत त्यांनी नमूद केली आहे. भुजंगासन व शलभासन मकेंझींच्या, तर पवनमुक्तासन विल्यम्स यांच्या व्यायामांशी मिळतेजुळते आहे. कोणता व्यायाम श्रेष्ठ हा वाद मोठा असला, तरी त्यांच्या परिणामांतील फरक लहान आहे. रुग्ण जो व्यायाम महिनोन्‌महिने करील तो त्याला उपयोगी, असे व्यवहारतः म्हणता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील ३२० रुग्णांच्या चाचणीत योगासने भौतिकी चिकित्सेपेक्षा कमी प्रतीची ठरली नाहीत. मात्र पायात कळ उतरत असताना पुढे वाकण्याची आसने टाळणे इष्ट असते.

शेक, मालिश व कुशल हातांनी केलेले कण्याचे हस्तोपचार यांनी काही काळ आराम पडतो. उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवण्याची कटिबस्ती लोकप्रिय असून तिच्यातील उष्णतेमुळे आखडलेले स्नायू सैल होण्यास मदत होते. कमरेत उसण असता अंगावर पाय देणे किंवा मणका ‘बसविणे’ हे प्रकार, विशेषतः वृद्धांत, हाड मोडण्यास कारण होऊ शकतात.

औषधांपैकी आयब्युप्रोफेनासारखी शोथप्रतिबंधक औषधे थोड्या दिवसांपुरती उपयुक्त असतात. जठरव्रण, मूत्रपिंडविकार किंवा हृद्‌रोग असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याखेरीज घेऊ नयेत. पॅरासिटामॉल दीर्घकाळ पहिले औषध म्हणून दिले जाई. परंतु २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील १,६५२ रुग्णांच्या चाचणीत तीव्र कंबरदुखी लवकर बरी होण्यास त्याचा निरौषधी गोळीहून अधिक उपयोग झाला नाही. अफूजन्य औषधांचीही २०२३ मध्ये तीच गत आढळली आणि त्यांना व्यसनाचा धोका आहेच. गृध्रसीत कण्यातील पोकळीत दिलेल्या स्टेरॉइडाच्या अंतःक्षेपणाने काही आठवडे आराम मिळतो. पपईच्या चिकातील कायमोपापेन हे एंझाइम चकतीत टोचून गाभा विरघळविण्याची पद्धती लायमन स्मिथ यांनी १९६३ मध्ये प्रथम माणसावर वापरली. ती शस्त्रक्रियेस पर्याय ठरेल असे वाटत होते. पण तीव्र ॲलर्जी व इतर गंभीर उपद्रवांमुळे ती मागे पडली आणि २००३ मध्ये अमेरिकेत या औषधाची विक्री थांबली.

बाहेर आलेला चकतीचा भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेले गृध्रसीचे रुग्ण एक वर्षानंतर इतरांपेक्षा बरे होते. चार व दहा वर्षांनंतर मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळतो, ही बाब रोजंदारीवर पोट असणाऱ्यास गौण नसते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये चिरकारी कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना चिकित्सेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मानसोपचार, हस्तोपचार व मालिश यांची शिफारस असून कमरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूजन्य औषधे यांचा नेहमीचा वापर टाळण्यास सांगितले आहे. या शेवटच्या गोष्टी आपल्याकडे अजूनही सर्रास वापरात आहेत.

प्रतिबंध : स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी चकतीत सुई घालून तिच्यातील दाब मोजला व उभे राहण्यापेक्षा बसल्याने तो वाढतो असे दाखविले. जर्मनीतील उल्म येथे १९९९ मध्ये झालेल्या मापनांत मात्र सैल बसले असता दाब वाढत नसल्याचे आढळले. ओझ्याविषयी दोहोंत मतभेद नाही. उल्म येथील मापनांनुसार २० किग्रॅ. वजन कमरेत वाकून उचलताना दाब उभे असतानाच्या सु. साडेचार पट, तर गुडघे वाकवून उचलताना सु. साडेतीन पट होतो. वजन अंगापासून दूर धरल्यास तो आणखी वाढतो. भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया, ऊसतोड कामगार व हमाल यांना हे ज्ञान असले तरी कामाची रीत बदलण्याची मोकळीक क्वचितच असते. मोळी गाडीवर चढविणाऱ्याने ती अंगालगत धरावी हे खरे; पण मोळीचे वजन ठरविणे त्याच्या हाती नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किग्रॅ. असावी अशी शिफारस केली. धान्याची १०० किग्रॅ. भरतीची पोती जाऊन ५० किग्रॅ. भरतीची पोती प्रचलित झाली, त्यामुळे हमालांचा भार प्रत्यक्षात हलका झाला.

एकदा बरी झालेली कंबरदुखी उलटण्याचा संभव मोठा असतो. ऑस्ट्रेलियात ७०१ व्यक्तींवर करण्यात आलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मार्गदर्शनाखाली नियमित चालण्याचा क्रम ठेवणाऱ्यांत दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, तर इतरांत ११२ दिवस.